आधी हळद की आधी बाळ

हळद लागली मला, डाग बाळाच्या गालाला
सया हसती आडून, सांगू कुणाच्या कानाला

हा आवाज जात्याच्या घरघरीखालून यायचा. जाडाभरडा, कोमट, जणू पिठाबरोबरच पाळूतून बाहेर पडणारा. रतनबाईचं लग्न होऊन तेव्हा पहिलाच पावसाळा चालला होता. जात्याच्या एका अंगाला ती आणि दुसऱ्या अंगाला आजेसासू चांगुणा, खुंट्यावर दोघींचे हात एकावर एक. म्हातारीनं ओवी म्हटली आणि पोरसवदा रतननं भाबडेपणानं विचारलं, "आत्याबाई, नवरीच्या हळदीला बाळ कुठनं आलं?"

जातं थांबलं. म्हातारीचा हात तिच्या हातावर घट्ट आवळला.

"ही जात्याची ओवी हाय, रतने. जात्यानं ऐकली, तू ऐकलीस. उंबऱ्याभाईर न्यायची न्हाई."

मग म्हातारीनं पुढची ओवी म्हटली आणि जातं पुन्हा फिरू लागलं.

पुढं गावात पिठाची गिरणी आली, चांगुणा सीना नदीच्या काठी राख होऊन गेली, जात्यावर कोंबड्या बसू लागल्या. ओव्या मात्र रतनबाईच्या पोटात राहिल्या त्या राहिल्याच. त्यांची तिला कधी अडचण झाली नव्हती. नगरच्या वकिलाकडून विलायतेच्या पदवीची गोष्ट घरात आली, तेव्हापासून झाली.

आज खांदेमळणी. उद्या पोळा. बैल ओढ्यावरून धुऊन आणले होते, आणि रतनबाई चुलीशी बसून वाटीत लोणी कढवत होती. बैलांच्या खांद्याला लावायला त्यात हळद कालवायची होती. तेवढ्यात दारात सावली पडली.

"अक्का, लोणी आणलंय. आमच्या म्हशीचं."

साळूबाई. चुलत दीर मच्छिंद्र याची बायको. दोन घरांच्या मध्ये एक कूड होता आणि शेतात एक बांध. बांधावरून भांडण झाल्यापासून साळूनं या दाराशी मीठसुद्धा मागितलं नव्हतं.

"आमच्यात हाय की गं लोणी."

"आसू द्या की. बैलाच्या खांद्याला दोन घरचं लागलं तर बैल काय रुसतोय व्हय?" साळू टेकली. पदरानं वारा घेतला. चुलीकडं पाहिलं, आढ्याकडं पाहिलं, मग कोपऱ्यातल्या जात्याकडं पाहिलं. "तुमी मोठ्या आत्याबाईंसंगं दळायच्या न्हवं? लई ओव्या यायच्या म्हनं त्यान्ला."

रतनबाईच्या हातातला चमचा वाटीत तसाच राहिला.

"यायच्या."

"तुमच्या मामंजींवर, रंगनाथतात्यांवर बी आसल एखादी. त्यांचं थोरलं लेकरू ते."

"लेकरावर कोण ओवी म्हनत न्हाई, साळू? तुझी सासू तुझ्या नवऱ्यावर म्हनायची. काळा कुळकुळीत नंदी, म्हनायची."

साळू हसली, पण तिचे डोळे हसले नाहीत. ती उठून गेली तरी लोण्याची वाटी तशीच चुलीपुढं होती. रतनबाईनं ती उचलून वास घेतला. लोणी ताजं होतं. तिला स्वतःचीच लाज वाटली. आज या घरात लोण्याचासुद्धा वास घ्यायची पाळी आली होती.

बाहेर तिचा नवरा बन्सी बैलाच्या मानेवर हात फिरवत उभा होता. त्यानं मागं न बघताच विचारलं,

"साळी कशाला आल्ती?"

"लोणी द्यायला."

"आणि काय न्यायला?"

बन्सी वळला. घारे डोळे, उन्हानं तांबूस झालेली कातडी. या घराण्याला गाव 'गोऱ्याचे' म्हणायचं, आणि एका तलाठ्यानं कंटाळून आडनावाच्या जागी गोरे असंच लिहून टाकलं होतं.

"तू तिला काय सांगितलं तर न्हाईस?"

"सांगन्यासारखं काय हाय माझ्याजवळ?"

"तेच इचारतोय मी." एवढं बोलून तो बैलाकडं वळला.

इतक्या वर्षांच्या संसारात त्यानं तिच्याकडं असं कधी पाहिलं नव्हतं, जत्रेतल्या अनोळखी गिऱ्हाइकाकडं दुकानदार पाहतो तसं.

ऊन कलल्यावर गोरक्ष आला. रतनबाईचा एकुलता लेक, साखर कारखान्यात कारकून. सायकलवर डबलशीट वकील. मिरजगावच्या फाट्यावर एसटीतून उतरलेले शामकांत वकील धुळीनं पांढरे झाले होते. टोपी झटकून ते ओसरीवर बसले आणि चहा समोर येताच म्हणाले,

"दोन्ही घरं येऊ द्या. एका घरात चहा घेतला की दुसरं घर म्हणतं, वकील फुटला."

"आमी म्हनलोच न्हाई अजून," मच्छिंद्र कुडाच्या पलीकडून बोलला. म्हणजे तो आधीपासूनच तिथं उभा होता. साळू त्याच्या मागं. येताना त्यानं देवळीतल्या लोखंडी रिकिबीला हात लावून कपाळाला नेला. ही रिकीब, ज्याच्यामुळं घराण्याला गोऱ्याचे म्हणत, त्या साहेबाच्या घोड्याची. पोळ्याला नांगराबरोबर तिलाही हळद लागते. गावात दुसऱ्या कुठल्याच घरात असं होत नाही, आणि का होतं हे गावानं आता विचारणंही सोडलं होतं.

रतनबाई आतल्या दाराशी बसली. उंबऱ्याच्या आत.

"सगळ्यांदेखत पुन्हा सांगतो," वकील म्हणाले, "म्हणजे मागाहून कुणी म्हणायला नको. इंग्लंडच्या एका राजाला तीनशे वर्षांपूर्वी गादी सोडून पळावं लागलं होतं. वाटेत हॅलवर्ड नावाच्या एका जमीनदारानं त्याला पाणचक्कीच्या कोठारात लपवला आणि त्याचा घोडा स्वतःचा म्हणून दाखवला. राजा परत गादीवर बसला तेव्हा त्यानं हॅलवर्डला बॅरन केलं. पदवी वंशपरंपरा."

"म्हंजे देशमुखीवानी," बन्सी म्हणाला.

"तशीच. फक्त ही विकता येत नाही आणि गहाणही टाकता येत नाही. तिसऱ्या बॅरननं जुगारात सगळी जमीन घालवली, पदवी तेवढी उरली. पाचव्याला मुलगीच होती. तिला वाडा मिळाला आणि पदवी पुतण्याला गेली. एक तर वेडा होऊन खोलीत कोंडलेला मेला, तरी मरेपर्यंत बॅरनच. शेवटचा अलीकडंच वारला, बिनवारस. मग तिथल्या वकिलांनी मागं मागं जात झाड तपासलं. बाकीच्या फांद्या वाळलेल्या. एकच फांदी इकडं आलेली."

"नगरच्या कॅम्पात," गोरक्ष म्हणाला.

"कॅप्टन आर्थर हॅलवर्ड, घोड्यांच्या पागेवरचे अधिकारी. गोरक्ष, तुमचे पणजोबा."

"गवताचे भारे घेऊन जायची आमची आजी तिथं," मच्छिंद्र म्हणाला. "पुढचं काय वकिलानं सांगायला नगं."

साळू तोंडाला पदर लावून हसली. बन्सी हसला नाही.

"जमीन हाय का तिथं काही?" साळूनं आतल्या आवाजात विचारलं. प्रश्न वकिलाला होता, पण तिनं पाहिलं नवऱ्याकडं.

"काही नाही. नाव आणि सभागृहातली एक खुर्ची."

"मग ही खुर्ची आपल्या बोकांडी बसवून कुनाला काय मिळायचंय?" मच्छिंद्रनं मिशी चोळली. "मला तर वास येतोय. सरकार जमीन ठेवायची हद, ते शिलिंग, खाली आननार म्हनत्यात. आपन लाट झालो म्हनून कागदावर सही करायची, आन् उद्या तोच कागद दाखवून म्हनायचं, लाटाला कशाला पायजे कुळवायला रान?"

"नाना, दिल्लीत राजांचे तनखे आन् पदव्या काढून घ्यायचं चाललंय," गोरक्ष म्हणाला. "आन् आपल्याकडं एक चालून आलीय तर तुमाला वास येतोय."

"तुला येनार न्हाई. तुझ्या बापाच्या नावानं आलीय ना."

"कुणाच्या नावानं आलीय हेच ठरायचंय," वकील शांतपणे म्हणाले.

रतनबाईनं गुडघे जवळ ओढले. ते आता विचारणार होते.

"कॅप्टनसाहेबांचं चांगुणाबाईंशी लग्न झालं, कॅम्पातल्या चर्चमध्ये. त्याची नोंद आहे, तारीख आहे. धाकटा मुलगा सहादेव, म्हणजे मच्छिंद्ररावांचे वडील, लग्नानंतरचा. त्याचीही नोंद आहे. थोरला रंगनाथ, म्हणजे बन्सीरावांचे वडील. त्याची नोंद कुठंच नाही."

"आमच्यात नोंदी कोन ठेवतंय?" बन्सी म्हणाला. "बाप सांगायचा, पलेगाच्या साली झालो."

"पलेग आला, गेला, पुन्हा आला. लग्नाच्या आधीही होता आणि नंतरही. म्हणून विचारतोय. त्या लोकांचा नियम कडक आहे. मुलगा लग्नानंतरचाच लागतो. आधी झालेला असला आणि मागून आईबापानं लग्न केलं तरी पदवीला तो धरत नाहीत. रंगनाथराव लग्नानंतरचे असतील तर पदवी बन्सीरावांची. आधीचे असतील तर मच्छिंद्ररावांची."

मच्छिंद्रनं तंबाखू मळली, चिमूट दाढेखाली ठेवली, मग म्हणाला,

"मला विलायतेची खुर्ची नगं. दादानं ती घ्यावी, तिच्यावर बसून भाकरी खावी. पर थोरले तात्या आधीचे निघाले तर उद्या येशीतनं माझा सर्जा पुढं जाईल."

आता खरी गोष्ट ओसरीवर आली. रतनबाईला वाटलं, इतका वेळ पदवी-पदवी म्हणत सगळे हिच्याच भोवती फिरत होते.

पोळ्याच्या संध्याकाळी वेशीला आंब्याच्या पानांचं तोरण लागायचं आणि त्याखालून पहिला बैल जायचा तो गोऱ्यांच्या थोरल्या घरचा. हा मान चालत आलेला नव्हता. ज्या गावानं चांगुणाच्या दोन पोरांना पाणवठ्यावर दगड मारले, त्याच गावची वेस एका पावसाळ्यात पडली तेव्हा रंगनाथनं ती स्वतःच्या हातानं उभी केली, आणि गावानं त्याला पुढं चाल म्हटलं. बन्सीचा बाप त्या दिवशी वेशीखालून गेला तो रडत गेला. बन्सी तेव्हा त्याच्या खांद्यावर होता. आता तो मान गेला तर बैल मागं राहील एवढ्यावर भागणार नव्हतं. गाव कारण विचारणार होतं, आणि कारण एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जाताना पुन्हा दगड होणार होतं.

"माझा बाप लग्नाचा," बन्सी म्हणाला. आवाज खाली होता.

"कशावरनं?"

"माझा बाप हुता म्हनून."

"हा काय पुरावा झाला, वकीलसाहेब?"

वकिलांनी चष्मा पुसला. "घरात परंपरेनं काय सांगत आले, ते घरातल्या थोरल्यानं प्रतिज्ञेवर सांगितलं तरी चालेल. तिकडं त्याला वजन आहे. पण ते खरं असलं पाहिजे."

गोरक्ष उठला. पाणी प्यायला म्हणून आत आला आणि आईशेजारी उकिडवा बसला.

"आये, तुला येत्यात की म्हातारीच्या ओव्या. एक म्हन. लग्न झालं, मग थोरला झाला, आशी. मी वकिलाला सांगतो, लिहून घ्या."

"आशी ओवी न्हाई, बाळा."

"मग कर की. तू काय कमी करतीस? माझ्या लग्नात उभ्या उभ्या केल्यास तू."

"खोटी करू?"

"ओवी काय खोटी-खरी आसती व्हय?"

"दळन खोटं आसतंय का?" ती म्हणाली. "जात्यात घातलं तेच खाली येतंय."

गोरक्षनं तिच्याकडं निरखून पाहिलं. हिशेब तपासताना बघायचा तसं. उठताना त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते तिनं ओळखलं. हिला काहीतरी माहीत आहे. आधी साळूला तसं वाटलं होतं, मग नवऱ्याला, आता लेकाला. एका बाईच्या पोटातल्या ओवीला ओसरीवरून सगळे कान लावून बसले होते.

बाहेर आवाज चढले होते.

"कागदावर कोनबी आंगठा उठवतो," मच्छिंद्र म्हणत होता. "दादानं बेल-भंडारा उचलावा. खंडोबाच्या नावानं म्हनावं, माझा बाप लग्नानंतरचा. मग मी गप. उद्या माझा सर्जा मागं, परवा मागं, माझ्या नातवाचा बैलबी मागं."

"मच्छिंद्रा, तू मला भंडारा उचलायला लावतोस?"

"खरं आसल तर भ्यायचं कशाला?"

गेल्या साली बांधाच्या भांडणात पंचांनी बन्सीला असाच भंडारा उचलायला सांगितला होता. बांध त्याचा होता, त्याला ठाऊक होतं, तरी त्यानं हात मागं घेतला. हातभर रानासाठी देवाला मधी घालणार न्हाई, म्हणाला, आणि बांध सोडून दिला. आज तो उठला. देवळीत गेला. रिकिबीशेजारच्या वाटीतून चिमूटभर हळद घेतली, सकाळच्या पूजेतलं बेलाचं पान घेतलं आणि ओसरीच्या मधोमध येऊन उभा राहिला.

"बापासाठी उचलतो," तो म्हणाला.

रतनबाईनं त्याच्या हाताकडं पाहिलं. थोड्या वेळापूर्वी हाच हात बैलाच्या खांद्यावर होता, लोण्या-हळदीनं पिवळा. बैलाच्या कानाशी तोंड नेऊन तो दर सालासारखं म्हणाला होता, आज आवतान घ्या, उद्या जेवाया या. मुक्या जनावराशीसुद्धा या माणसानं कधी खोटा शब्द केला नव्हता. त्याला माहीत नव्हतं. त्याच्या बापानं त्याला सांगितलं नव्हतं, बापाला त्याच्या आईनं सांगितलं असेल-नसेल. तो बापाच्या नावानं देवासमोर खोटं बोलणार होता आणि ते खोटं आहे हे सबंध ओसरीत तिला एकटीलाच ठाऊक होतं. त्याचं पाप त्याला लागणार नव्हतं. ते कुणाला लागणार, हे तिला कळत होतं.

आणि म्हातारीचा हात अजून तिच्या हातावर होता. उंबऱ्याभाईर न्यायची न्हाई.

"खंडोबाच्या नावानं," बन्सी म्हणाला, "माझा बाप रंगनाथ..."

"थांबा."

ती उंबरा ओलांडून बाहेर आली. पुरुषांच्या बैठकीत ती अशी कधी आली नव्हती. साळू अर्धवट उठली. वकिलांनी लेखणी काढली.

"हात खाली घ्या तुमी," ती नवऱ्याला म्हणाली.

"रतन, तू मधी पडू नगंस."

"मी मधीच हाय. जात्याच्या खुंट्यावर मोठ्या आत्याबाईंचा हात वर आन् माझा खाली हुता. त्यांनी सोत्ताच्या लग्नातली ओवी म्हनली हुती. ऐका."

तिनं डोळे मिटले. आवाज बेताचाच निघाला, गाण्यासारखा नाही, दळताना निघतो तसा.

हळद लागली मला, डाग बाळाच्या गालाला
सया हसती आडून, सांगू कुणाच्या कानाला

गोठ्यात बैलानं मान हलवली आणि घुंगरं वाजली. वकिलांची लेखणी कागदावर टेकलेली होती पण चालत नव्हती.

बन्सीच्या हातातलं बेलाचं पान खाली पडलं.

"तुला ठावं हुतं," तो म्हणाला.

"व्हय."

"लग्न होऊन आलीस तवापासनं."

"व्हय. त्यांनी शब्द घेतला हुता. तुमी भंडारा उचलला नसता तर माझ्यासंगंच जळाली आसती ही ओवी."

बन्सी खाली बसला. इतका सावकाश बसला की गोरक्षनं त्याच्या दंडाला हात लावला. साळूनं नवऱ्याची बाही ओढली, पण मच्छिंद्र उठलाच होता. त्याच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. आपण मागितलं ते असं मिळेल हे त्यालाही वाटलं नसावं. तरी तो म्हणाला,

"झालं मग. मी कुनाला काय बोललो न्हाई. वैनीच बोलल्या. उद्या सर्जाला मी..."

"बसा, भाऊजी."

"आता काय ऱ्हायलं?"

"साहेब मोठ्या घरचा. गवतवालीला पागेतनंच माघारी लावून दिली आसती तर त्याला कोन इचारनार हुतं? लग्न कवा झालं ते सगळ्यांनी इचारलं. का झालं, ते तुमच्यातल्या एकानंबी इचारलं न्हाई." तिनं पदर सावरला, आणि खाली बसलेल्या नवऱ्याकडं पाहत, त्याला एकट्यालाच सांगावं तसं म्हणाली, "ओवी संपली न्हाई अजून."

थोरल्या राघूनं माझ्या, नवल गं केलं
बोट धरूनी बापाला, बोहल्यावरी नेलं